शिशाची गोळी आणि इंचाचा हजारावा भाग

पिस्तुलाची नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून मी आत पाहिले, तेव्हा चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, जिथे संपते तिथून पुढे सुमारे दीड इंचापर्यंत रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या) खोबणी करड्या, चकाकणाऱ्या थराने भरून गेल्या होत्या. घरी भरलेल्या काडतुसांच्या अवघ्या पन्नास फैरी मी त्या सकाळी झाडल्या होत्या. पंधरा यार्डांवरच्या कागदावर पहिली दहा भोके तळहाताएवढ्या जागेत पडली होती, मात्र शेवटची दहा सगळीकडे विखुरली आणि त्यांतली दोन तर गोल नसून लांबट होती, म्हणजे गोळी सरळ न जाता आडवी होऊन कागदातून गेली होती. नळीत शिसे बसते हे मी वाचले होते, पण इतक्या लवकर इतके बसेल असे वाटले नव्हते.

मी फिनिक्सला राहतो. एच-१बी व्हिसावर होतो तोवर पिस्तूल विकत घेण्याचा विचारही केला नाही, कारण त्या व्हिसावरील व्यक्तीला काही मोजके अपवाद सोडता अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने शस्त्र बाळगता येत नाही. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर मी नऊ मिलिमीटरचे, पॉलिमरच्या चौकटीचे एक पिस्तूल घेतले आणि शहराच्या उत्तरेला असलेल्या बेन एव्हरी रेंजवर नेमबाजीचा सराव सुरू केला. भारतात हीच नऊ मिलिमीटरची काडतुसे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या प्रकारात मोडतात, त्यामुळे या विषयातील माझे सगळे शिक्षण इथेच झाले. २०२०मध्ये दुकानांतून काडतुसे दिसेनाशी झाली, तेव्हा रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) जपून ठेवून स्वतः भरायला मी शिकलो. तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्या पुढे महागच राहिल्या, म्हणून १२४ ग्रेन (सुमारे आठ ग्रॅम) वजनाच्या, ओतीव शिशाच्या, वंगण लावलेल्या गोळ्यांकडे वळलो.

त्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घेतली होती. माझ्या नळीत नेहमीच्या कोरलेल्या खोबणी आहेत. ग्लॉकच्या जुन्या पिढ्यांमध्ये असते तशी बहुभुज रायफलिंगची, म्हणजे धारदार खोबणींऐवजी गोलसर कडांची नळी असती तर मी या वाटेला गेलोच नसतो, कारण अशा नळीत आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या झाडू नयेत असे खुद्द निर्माताच सांगतो. दुसरे म्हणजे, दारूचे वजन मी नेहमी छापील भरणा-पुस्तिकेतील सुरुवातीच्या आकड्यापासूनच घेतो. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात कमाल दाब प्रति चौरस इंच ३५,००० पौंडांपर्यंत जातो, आणि दारू इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी ती पुंगळीत मावू शकते. म्हणून गोळी बसवण्याआधी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, विजेरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून पाहण्याचा नेम मी एकदाही मोडलेला नाही.

नळी साफ करायला संध्याकाळ गेली. जुन्या ब्रशभोवती भांडी घासण्याच्या तांब्याच्या काथ्याचे धागे गुंडाळून नळीतून ओढले की शिशाचे पापुद्रे निघून येतात. काथ्या शुद्ध तांब्याचा आहे ना, हे आधी चुंबक लावून पाहावे, कारण वरून तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी काथ्या नळीवर ओरखडे काढतो. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून शिसे विरघळवण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो मी मानला नाही. त्या मिश्रणातून विरघळलेल्या रूपातले शिसे तयार होते, ते कातडीवर आणि घरात पसरणे कितीतरी अधिक घातक असते.

पहिला तर्क मी असा केला की मिश्रधातू मऊ आहे. त्यामुळे अधिक अँटिमनी असलेल्या, अधिक कठीण गोळ्या मागवल्या. नळी पूर्वीपेक्षाही जास्त भरली. याचे कारण मला तेव्हा कळले नाही, पण आता सांगतो. गोळी नळीच्या खोबणीपेक्षा किंचित बारीक असेल तर तिच्या कडेने जळता वायू पुढे निसटतो आणि शिशाचा पृष्ठभाग खरवडून तो नळीवर नेऊन बसवतो. मऊ गोळी मागच्या दाबाने थोडी फुगून ती फट बुजवू शकते, मात्र कठीण गोळीला ते जमत नाही. शिवाय थर चेंबरजवळ होता. वंगण अपुरे पडले असते तर तो बहुधा नळीच्या तोंडाकडे दिसला असता.

मग नळी मोजली. मऊ शिशाचा, मासेमारीच्या गळाला लावतात तसा गोळा तेल लावून, पितळी दांडीने रिकाम्या नळीतून हळूहळू पलीकडे ढकलला. त्यावर उमटलेल्या खोबणींचा व्यास मायक्रोमीटरवर ०.३५५५ इंच भरला. माझ्या गोळ्या ०.३५६ इंचाच्या होत्या, म्हणजे हिशेबाने त्या योग्यच होत्या. इथे मी अडकलो.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. अनेक वर्षे ते तपासणीच्या कामावर होते. रविवारी फोनवर मी त्यांना सगळे सविस्तर सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही न अडवता ऐकून घेतले आणि विचारले, "पुंगळीत घालण्यापूर्वी गोळी मोजलीस, ती आत गेल्यावर मोजलीस का?" मी ती मोजली नव्हती. ती आत गेल्यावर बदलेल असे माझ्या मनातच आले नव्हते.

काडतूस उकलण्याच्या हातोड्याने मी त्याच रात्री पाच काडतुसे उघडली आणि गोळ्या मोजल्या. बुडाशी व्यास ०.३५३ ते ०.३५४ इंच होता. एका गोळीवर तर पुंगळीच्या कडेची रेघ वंगणाच्या खाचेजवळ नखाला लागेल इतकी खोल उमटलेली होती. नऊ मिलिमीटरची पुंगळी निमुळती असते आणि तिची भिंत बुडाकडे जाड होत जाते. पुंगळीचे तोंड रुंद करणारा माझ्या डायमधला (काडतूस भरण्याच्या साच्यातला) खुंट तांब्याच्या आवरणाच्या, किंचित बारीक गोळीसाठी बनवलेला होता. त्यामुळे पितळ शिशाला चारही बाजूंनी आवळत होते, आणि शेवटच्या टप्प्यात भरलेले काडतूस बाहेरून दाबणारी कार्बाइडची कडी उरलेली कसर भरून काढत होती. मी ०.३५६ची गोळी विकत घेऊन प्रत्यक्षात ०.३५४ची झाडत होतो.

मी .३८ एस अँड डब्ल्यू या जुन्या काडतुसासाठी बनणारा रुंद खुंट आणून काडतुसे भरण्याच्या प्रेसमध्ये बसवला, कार्बाइडची कडी काढून टाकली, आणि पुंगळीचे तोंड फक्त सरळ होईल इतकाच हलका टेपर क्रिम्प (तोंडाला दिलेला आवळा) ठेवला. पुन्हा काडतुसे भरली आणि दारू न घालता बनवलेली दोन नमुन्याची काडतुसे उकलून पाहिली. दोन्ही गोळ्या ०.३५६ इंच भरल्या.

त्यातून एक नवा पेच निघाला. पिस्तुलातून काढलेल्या नळीच्या चेंबरमध्ये काडतूस टाकले की ते टक् असा आवाज करत बसले पाहिजे, बोटाने फिरवता आले पाहिजे आणि नळी उलटी करताच खाली पडले पाहिजे. माझे काडतूस अडत होते. शाईच्या पेनाने गोळी रंगवून पाहिल्यावर तिचा खांदा रायफलिंगला टेकत असल्याच्या खुणा दिसल्या. गोळी थोडी खोल बसवणे आवश्यक होते, पण खोली वाढली की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. या काडतुसात तो झपाट्याने वाढतो. त्यामुळे आधीचे दारूचे वजन रद्द करून मी पुन्हा पुस्तिकेतील सुरुवातीच्या आकड्यावर आलो. त्यावर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जाऊन पुंगळी नीट बाहेर पडते की नाही, हे आधी पाच, मग दहा फैरींनी तपासले. आवाज किंवा धक्का जरा जरी कमी जाणवला की थांबायचे, मॅगझिन काढायचे आणि नळी मोकळी आहे हे डोळ्यांनी पाहायचे, कारण अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी गेली तर नळी फुटू शकते.

घरात चार वर्षांची मुलगी असल्याने शिसे वितळवून गोळ्या ओतणे मी कटाक्षाने टाळले आहे. मुलांच्या रक्तातील शिशासाठी सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेने २०२१पासून ठरवलेला संदर्भ-आकडा प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅम इतका कमी आहे. झाडलेल्या पुंगळ्यांत प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतल्या) शिशाची धूळ असते, म्हणून त्या मी कोरड्या न घासता पाण्यात धुतो. रेंजवरचे बूट गॅरेजमध्येच राहतात आणि परतल्यावर हात, चेहरा गार पाण्याने व साबणाने धुतल्याशिवाय मी मुलीला उचलून घेत नाही. वर्षातून एकदा आम्ही तिघेही रक्ततपासणी करून घेतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी दोनशे फैरी झाडून घरी आलो आणि नळी पुन्हा त्याच खिडकीपाशी नेली. खोबणींच्या कडा तळापासून तोंडापर्यंत स्पष्ट दिसत होत्या. पांढऱ्या फडक्यावर काजळी आणि वंगणाचा मेणचट डाग आला, चकाकणारा कण एकही नव्हता. जुन्या पद्धतीने भरलेली दोनशे चाळीस काडतुसे अजून डब्यात आहेत. ती एकेक करून उकलतो आहे.