सुतकाच्या घरचं कवंडळ

मंगळवार, 26 ऑगस्ट 2025

उद्या चवथ, गणेशचतुर्थी. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची माटोळी बांधून झाली, नेवऱ्या (करंज्या) तळून झाल्या. अंग मोडून आलंय, पण आजचं आजच लिहिते.

सकाळी फोंड्याच्या माटोळी बाजारात गेले होते. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंग, वेलीवरची लाल कवंडळं, माटोळीला लागणारी सगळी रानफळं मनासारखी मिळाली. रानात हिंडून ही फळं गोळा करणाऱ्या बायकांशी घासाघीस करायला माझी जीभ वळत नाही. वर्षभर ज्या वेलींकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्या नेमक्या कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक असतं.

घरी सावईवेऱ्याकडे परतताना केरी गावाच्या पुढे भर पावसात मोकाट बैल आडवा आला. स्कूटर घसरली. कोपर खरचटलं तेवढंच, पण गोणपाट फाटून सगळं रस्त्यावर पसरलं आणि मागून आलेली गाडी त्यावरून तशीच निघून गेली. कवंडळांचा लगदा झाला. चवथीच्या आदल्या दिवशी हे व्हावं! मला रडूच कोसळलं.

एक पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, थांबला. गिऱ्हाईक सोडून परत फोंड्याला निघाला होता बिचारा. त्याने स्कूटर कडेला घेतली, वाकडा झालेला आरसा सरळ केला, चिखलातल्या घागऱ्यो वेचल्या. तेवढ्यात समोरच्या घराच्या पडवीतून एका म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली. "बाये, लागलं नाही मगो? घरात ये म्हटलं असतं, पण आमचं सुतक आहे."

आठवड्यापूर्वी त्यांचे थोरले दीर गेले होते. त्या म्हणाल्या, "यंदा आमची चवथ नाही. कुळागरात, सुपारीच्या बागेत, सगळं तसंच लोंबतंय. मी हात लावत नाही, तूच काढ."

मी घुटमळले, तेव्हा त्यांनीच समजावलं: झाडावरचं फळ मालकाच्या परवानगीने आपल्या हाताने काढलं, तर त्याला सुतक लागत नाही. आमच्या मामंजींनीही घरी आल्यावर हेच सांगितलं.

त्या पागोळ्यांच्या आत उभ्या राहून काठीने दाखवत होत्या. भिरंडीच्या (कोकमाच्या) झाडावर वेल चढला होता आणि ओल्या पानांआड लालभडक कवंडळं, बाजारातल्यांपेक्षा कितीतरी मोठी. पायलट चपला काढून वर चढला. मी खाली पदर धरला. "तें न्हय, त्या पलीकडचं. ते चांगलं पिकलंय." सुपारीचा घोसही त्यांनी आग्रहाने काढायला लावला. ज्यांच्या घरात यंदा माटोळीची चौकटही टांगली जाणार नाही, त्या बाई माझ्या माटोळीसाठी फळ निवडत होत्या. पैशांचं मी विचारलं, तर रागावल्याच. पायलटनेही काही घेतलं नाही. "चवथीचं काम," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी मामंजींनी ती कवंडळं चौकटीच्या अगदी मध्ये, गणपतीच्या डोक्यावर येतील अशी बांधली. कुणाच्या घरची, हे माझ्याकडून दोनदा ऐकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मग नेवऱ्यांचा एक डबा भरून त्यांनी फडताळात वर ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांचं सुतक फिटलं की आपण दोघी जाऊन येऊ."