वाड्याचं दार, खिडकी आणि उंबरा: गोडोच्या ग्रिडमॅपसाठी तुकडे घडवताना

वाडा उभा करण्यासाठी भिंत, दार आणि खिडकीचे जोडतुकडे ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये केले आणि गोडो ४ या गेम इंजिनच्या ग्रिडमॅपमध्ये, म्हणजे चौकोनांच्या जाळीवर तुकडे मांडायच्या सोयीत, मांडले. साध्या भिंती लगेच बसल्या. वेळ खाल्ला तो दारानं, त्यातही उंबऱ्यानं.

ब्लेंडर उघडण्याआधी मापं ठरवावी लागतात. ग्रिडमॅपचा चौकोन मूळचा २×२×२ मीटरचा असतो. मजल्याची उंची धरून मी तो २×३×२ केला आणि सेल सेंटर (तुकडा चौकोनाच्या मध्यावर आणणारा पर्याय) मधला वाय, म्हणजे उंचीचा अक्ष, बंद ठेवला, म्हणजे तुकड्याचा आरंभबिंदू चौकोनाच्या मध्यावर पण जमिनीला टेकून येतो. एका चौकोनात एकच तुकडा मावतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्यामुळे फरशीला वेगळा ग्रिडमॅप लागतो आणि खोलीच्या कोपऱ्याला दोन भिंती असलेला वेगळा तुकडा लागतो.

वाड्याची भिंत जाड, ५० सेंटिमीटर धरली. ती एका तुकड्यात न करता प्रत्येक तुकड्याला अर्धी, म्हणजे २५ सेंटिमीटरची भिंत दिली, चौकोनाच्या कडेला चिकटवून. शेजारच्या चौकोनातली अर्धी भिंत तिला पाठ लावून बसते. यामुळे आतल्या अंगाला चुन्याचा गिलावा आणि बाहेरच्या अंगाला वीट-दगड असं हवं तसं जुळवता येतं. एकमेकींना लागणाऱ्या पाठी काढून टाकल्या, पण मग दोन्ही अर्ध्या बसवल्याच पाहिजेत. बाहेरची विसरली तर ऊन भिंतीतून थेट खोलीत येतं. इमारतीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर २५×२५ सेंटिमीटरची पोकळी उरते. तिच्यासाठी तेवढाच एक खांब करून तिरक्या चौकोनात ठेवावा.

दाराच्या तुकड्यांच्या जोडीत चौकट फक्त आतल्या तुकड्याला दिली, बाहेरच्याला नुसतं भगदाड. मोकळी रुंदी १.२ मीटर, चौकटीचं लाकूड दोन्ही बाजूंना १२ सेंटिमीटर, म्हणजे भिंत १.४४ मीटर कापली. गणेशपट्टीची (चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाची) खालची कड जमिनीपासून २.१ मीटरवर. भगदाड बुलियननं (एका आकारातून दुसरा वजा करून) न पाडता लूप कटनं (भिंतीवर आडवे-उभे काप देऊन) पाडलं. भगदाड पाडताना भिंतीच्या कडेवर जादा बिंदू राहिले तर शेजारच्या तुकड्यात ते नसतात आणि सांध्यावर चमकणारे ठिपके दिसू लागतात. कडेचे बिंदू काटेकोर हवेत: बरोबर उणे १ आणि अधिक १ मीटरवर, उंचीला ० आणि ३ वर. सांध्याच्या कडेला बेव्हल देऊ नये, म्हणजे ती कड तासू नये.

आता उंबरा. खेळाडूच्या टकरीचा आकार, म्हणजे तो कशाला अडतो हे ठरवणारा अदृश्य आकार, कॅप्सूलचा (गोल टोकांच्या दंडगोलाचा) घेतला. गोडोमधल्या कॅप्सूलची मूळ त्रिज्या ०.५ आणि उंची २ मीटर असते. म्हणजे माणूस एक मीटर रुंद. मी ती ०.३५ आणि १.८ केली. तरीही खेळाडू १५ सेंटिमीटरच्या उंबऱ्याला अडकून जागेवरच चालत राहायचा. कारण असं: कॅरेक्टरबॉडी (खेळाडूला चालवणारा गोडोचा घटक) मूळ सेटिंगमध्ये ४५ अंशांपर्यंतच्या उताराला जमीन मानते, त्यापलीकडे भिंत. कॅप्सूलचा गोल तळ उंबऱ्याच्या कडेला टेकतो तेव्हा तिथला कोन त्रिज्येवर आणि उंबऱ्याच्या उंचीवर ठरतो. ०.३५ त्रिज्येला साधारण १० सेंटिमीटरपर्यंतची कड चढता येते; १५ ला तो कोन ५५ अंशांवर जातो. उंबरा खाली आणणं मला पटलं नाही, उंच उंबऱ्याशिवाय ते वाड्याचं दार वाटत नाही. म्हणून दिसणारा उंबरा उभ्या कडांचाच ठेवला आणि टकरीच्या आकाराला दोन्ही बाजूंनी ३० अंशांचा उतार दिला, प्रत्येकी २६ सेंटिमीटर लांब. बाहेरचा उतार शेजारच्या चौकोनात शिरतो, त्यानं काही बिघडत नाही. डोक्यावरचं माप मात्र उंबऱ्याच्या माथ्यापासून मोजायचं: २.१ वजा ०.१५, म्हणजे १.९५ मीटर.

टकरीचे आकारही सुटे हवेत. अख्ख्या तुकड्याला एकच कॉन्व्हेक्स (खाच किंवा भोक नसलेला) आकार दिला तर तो भगदाडही भरून टाकतो आणि उघड्या दारात अदृश्य भिंत उभी राहते. दोन बाजूंचे दोन ठोकळे, वरचा एक आणि उंबऱ्याचा उतार असे चार आकार केले, ब्लेंडरमध्ये मूळ तुकड्याचे चाइल्ड केले आणि प्रत्येकाच्या नावाला हायफन देऊन ‘कॉन्व्हकोलओन्ली’ हा प्रत्यय लावला. त्यावरून गोडो त्यांना न दिसणारे टकरीचे आकार मानतो.

कवाडं मेश लायब्ररीत (ग्रिडमॅपच्या तुकड्यांच्या संग्रहात) घालून उपयोग नाही, तिथे तुकडा हलत नाही. ती वेगळ्या सीनमध्ये ॲनिमेटेबलबॉडीवर (हलवता येणाऱ्या टकरीच्या घटकावर) बसवली. जुन्या कवाडाला बिजागरी नसते. वर-खाली निघालेले गोल खुंट खळग्यात फिरतात. म्हणून फिरण्याचा बिंदू कवाडाच्या कडेवर नाही, आत येतो. कवाड ६ सेंटिमीटर जाड आणि बिंदू कडेपासून ३ सेंटिमीटर आत धरला, तर चौकोनी कोपरा फिरताना ४.२ सेंटिमीटरचं वर्तुळ काढतो आणि चौकटीत सव्वा सेंटिमीटर घुसतो. ती उभी कड ३ सेंटिमीटर त्रिज्येनं अर्धगोल केली की अर्ध्या सेंटिमीटरची फट पुरते. खऱ्या कवाडाचीही ती कड अशीच गोल तासलेली असते. दोन्ही कवाडं काटकोनात उघडली की मोकळी रुंदी १.०८ मीटरच्या आसपास राहते, ०.७ च्या माणसाला भरपूर.

खिडकी त्या मानानं सोपी. जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, ०.९×१.२ मीटर. गज पारदर्शक टेक्स्चरनं करू नयेत, लांबून पाहिलं की ते विरून जातात. सहा बाजूंचे, टोकं नसलेले दंडगोल घेतले तर एका गजाला १२ त्रिकोण पडतात, आठ गजांना ९६. त्यासाठी काटकसर करण्यात अर्थ नाही. टकरीला मात्र सगळ्या गजांना मिळून एकच ठोकळा. गजांमधून बाण जायचा असेल तर खिडक्यांचा ग्रिडमॅप वेगळा करावा, कारण कोलिजन लेअर (कशाला कशाची टक्कर लागावी हे ठरवणारा थर) अख्ख्या ग्रिडमॅपला एकच असतो.

मेश लायब्ररी करताना तीन गोष्टी नडल्या. मटेरियल (रंग-पोत) नोडवर, म्हणजे सीनमधल्या घटकावर, लावलेलं असेल तर ते गळतं, मेशमध्ये (मूळ आकारात) च असावं लागतं. तुकडे सीनमध्ये ओळीनं मांडले असतील तर ‘अप्लाय मेशइन्स्टन्स ट्रान्सफॉर्म्स’वर खूण करू नये, केली तर दार चौकोनापासून तितकंच दूर जाऊन पडतं. आणि लायब्ररी पुन्हा काढताना जुन्या फाइलमध्ये मिसळण्याचा पर्याय चालू ठेवावा, तुकड्यांची नावं बदलू नयेत. नकाशात तुकड्याचं नाव नसतं, क्रमांक असतो. मिसळणं बंद ठेवून मध्ये एक नवी खिडकी घातली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि मांडलेल्या वाड्यात दारांच्या जागी खिडक्या येतात.