बुडख्याचं आधी बोलून घ्या

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एक झाड आहे, कितीला पाडाल?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला, "परवानगीचा कागद आहे का?" यावर बरेच जण "नंतर करतो" म्हणून फोन ठेवतात. काही जण चिडतात, "अहो, झाड आमच्याच आवारातलं आहे!" आवार तुमचं असेल, पण १९७५ चा झाडांचा कायदा शहरातल्या खाजगी झाडालाही लागू आहे, आणि प्रकरण अंगाशी आलं की आधी मशीन ज्याच्या हातात त्याला धरतात. तेव्हा कागद बघितल्याशिवाय मी टेम्पोतून दोरसुद्धा काढत नाही.

पुण्यात झाडं उतरवायचं काम करतो मी. आमची टोळी लहान आहे. वर चढणारे मामा, दोर सांभाळणारे दोघे, फांद्या ओढायला पोरं आणि हिशेबाला मी. पावसाळ्याआधीचे दोन महिने जेवायला फुरसत नसते. मेच्या शेवटी वळवाचा पहिला वारा सुटला की वर्षभर आपल्या झाडाकडे मान वर करून न बघितलेल्या माणसालाही ते अचानक धोकादायक वाटायला लागतं. रस्त्यावर पडलेलं झाड अग्निशमन दल रातोरात कापून वाट मोकळी करून देतं, पण ओंडके कडेला तसेच राहतात. मग आम्हाला बोलावणं येतं.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतला गुलमोहर मात्र उभा असताना आमच्याकडे आला. दोन इमारतींच्या मधल्या बोळात होता, पार्किंगच्या पत्र्यांवर कललेला. पेव्हर ब्लॉक अगदी सालीला भिडवलेले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलला की दृष्ट लागावी असा, पण लाकूड ठिसूळ, आणि मुळं खोल जायच्याऐवजी वरच्यावर पसरणारी. त्यातून कधीतरी ड्रेनेजची लाइन बदलताना एका बाजूची जाड मुळं कोणीतरी सपासप तोडलेली. बरोबर त्याच बाजूला बुंध्याशी अळंबीचे कडक, तपकिरी थर आले होते. मी कुऱ्हाडीची पाठ मारून बघितली. छातीच्या उंचीला ठणठणीत, खाली बद्द. आतून पोकळ झालं होतं.

परवानगीचे हेलपाटे सेक्रेटरी काकूंनी घातले. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, फाइल कशी लावायची ते त्यांना शिकवावं लागलं नाही. अर्ज, सोसायटीचा ठराव, चारी बाजूंचे फोटो. मग उद्यान विभागाचा माणूस येऊन घेर मोजून गेला. झाडावर नोटीस लागली, पेपरात जाहिरात आली. हरकतीसाठी सात दिवस असतात. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंनी घेतली हरकत. सोसायटीवाले वैतागले, पण माझ्या मते ताईंचं निम्मं बरोबर होतं. मुळं तोडली नसती आणि फरशी सालीपर्यंत नेली नसती तर हा गुलमोहर एवढ्यात जाता ना. "नुसता छाटून चालणार नाही का?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्याच हातात कुऱ्हाड दिली आणि आवाज ऐकवला. खोड पोकळ, एका बाजूची मुळं गेलेली. भार कितीही कमी केला तरी झाड उभं कशावर राहणार? त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या पाहणीला हजर राहिल्या.

मंजुरी आली तरी लगेच हात लावता येत नाही, पंधरा दिवस थांबावं लागतं. एखाद्याला दाद मागायची असेल तर त्याला सवड मिळावी म्हणून. आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून भरपाई म्हणून झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असतात. इथे सोसायटीत खरी जुंपली. एक आजोबा ठामपणे सांगत होते, "इमारत झाली त्या वर्षी मीच लावलंय, चाळीस वर्षं झाली." बाकीचे त्यांना गप्प करायच्या मागे. चाळीस वर्षं म्हणजे चाळीस रोपं, आणि आवारात जागा तिनाची. शेवटी चाळीसच लिहिलं गेलं. आजोबांनी एक वर्षही कमी करू दिलं नाही.

काम धरलं त्या दिवशी सातला आत शिरलो. पहिला तास कापाकापी नसतेच. गाड्या हलवायच्या, ज्यांच्या हलत नाहीत त्यांची दारं वाजवायची. झाडातून गेलेल्या केबलवाल्याच्या आणि इंटरनेटच्या वायरी बाजूला घ्यायच्या. विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय मामा चढत नाहीत, इथे सुदैवाने ती लांब होती. घरटी बघायची, ढोलीत पोपट आहेत का ते बघायचं. आग्या मोहोळ निघालं तर त्या दिवशी कामच होत नाही. हे सगळं झाल्यावर मामा नारळ फोडतात, बुंध्याला हात लावून काहीतरी पुटपुटतात. काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही.

सिनेमात दाखवतात तसं झाड धाडकन पाडायला जागा लागते. एका बाजूला खाच, मागून थोडा वरच्या अंगाला काप, मध्ये चार बोटं लाकूड शिल्लक ठेवायचं म्हणजे झाड त्यावर वळून खाचेच्या दिशेने जातं. माळावर ठीक आहे. सोसायटीत झाड वरून खाली उतरवावं लागतं, तुकड्यातुकड्याने. बुंधा भरवशाचा नाही म्हणून आधी दोन बाजूंना ताण दिले, एक समोरच्या आंब्याला, एक इमारतीच्या कॉलमला. मामा पट्टा अडकवून वर गेले. हेल्मेटवरून आमची दर मोसमात वादावादी होते. त्यांना ते गरम होतं. मी म्हणतो, मग खाली बसा, मी दुसरा माणूस बघतो. मग घालतात.

फांदी तोडताना आधी खालून काप घ्यायचा, मग जरा पुढे सरकून वरून. नुसतं वरून कापलं तर फांदी अर्ध्यात मोडते, खोडाची साल ओरबाडत खाली येते आणि चढलेल्या माणसावर झोका घेते. दोराला खाली बुंध्याभोवती दोन वेढे असतात. ते वेढेच वजन पेलतात, माणसाने फक्त सैल सोडायचं. नवीन पोरगा असेल तर दोर हाताला गुंडाळतो. ते दिसलं की मी काम थांबवतो, कारण वजन सुटलं तर दोराबरोबर हातही जातो. ओल्या लाकडाचं वजन लोकांना खरं वाटत नाही. दोन फूट जाडीचा, तीन फूट लांब ओंडका दोन क्विंटलच्या आत नसतो.

दुपारी खोडाला मशीन लावलं आणि एकदम ठिणग्या उडाल्या. साखळी खिळ्याला लागली होती. क्लासच्या पाट्या, भाड्याने खोली देण्याच्या पाट्या, दिवाळीच्या माळा, वर्षानुवर्षं कोणी ना कोणी खिळा ठोकत आलेला, आणि झाडाने साल वाढवून ते सगळे पोटात घेतलेले. बाहेरून काही कळत नाही. साखळीला धार आहे तोवर मशीन लाकडाच्या जाडसर ढलप्या फेकतं, धार गेली की पिठासारखा भुस्सा पडायला लागतो. तो पडायला लागला की मी साखळी उतरवून गोल कानस घेऊन बसतो. एकेका दाताला सारखे हात मारायचे, कमीजास्त झाले की काप तिरका जातो. गुलमोहराच्या लाकडाला वखारीत भाव नाही. टेम्पोचं भाडं सुटलं तरी खूप, हे मी आधीच सांगून ठेवतो. नाहीतर कमिटीत कोणीतरी निघतंच, "एवढं लाकूड फुकट नेताय की!"

संध्याकाळी जमिनीपासून वीतभर उंचीचा बुडखा तेवढा उरला. आणि चेअरमन म्हणाले, "हेही काढून टाका ना जाता जाता."

जाता जाता! या धंद्यात झाडाचा भाव सगळे करतात, बुडख्याचा कोणी करत नाही, आणि खरे वाद तिथेच होतात. माझ्या कोटेशनमध्ये "बुंधा जमिनीलगत कापणे" असं लिहिलेलं असतं. बुडखा मुळांसकट काढणं हे निराळं काम आहे, कधीकधी झाडाइतकंच महाग. मोकळ्या प्लॉटवर जेसीबी एका तासात उपटून देतो. इथे फाटकातून जेसीबी शिरत नव्हता, आणि शिरला असता तरी बुडख्याच्या एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला ड्रेनेज. मुळाबरोबर पाइप वर आला असता तर ते बिल कोणाच्या नावावर? टिकाव, पहार आणि कुऱ्हाडीने खणून काढता येतो. पण त्यात माणसं कितीतरी दिवस अडकतात आणि पाइपचा धोका तोच. जमलेल्यांनी सल्लेही दिले, ॲसिड ओता, रॉकेल टाकून पेटवा. टाकीशेजारी ॲसिड! ठेवावा म्हटलं तर वाळवी येणार आणि कडेने धुमारे फुटत राहणार.

म्हणून बुडखा दळायचं मशीन भाड्याने आणलं. आपल्याकडे अजून कमी लोकांकडे आहे. दोन चाकांवरचं पेट्रोल इंजिन, पुढे उभी फिरणारी तबकडी आणि तिच्या कडेला कार्बाइडचे दात. लोकांना वाटतं ते बुडखा उपटतं. उपटत काही नाही, किसून काढतं, खोबरं किसावं तसं. तबकडी डावीकडून उजवीकडे झुलवायची, थोडं खाली करायचं, परत झुलवायची. घाई करून जास्त खाली दाबलं की इंजिन गुदमरतं. वीतभर ते फूटभर खोल जातं, त्याखालची मुळं जमिनीत कुजायला सोडायची.

चालवण्याआधीचं काम जास्त. पाइप कुठून जातात ते जुन्या प्लंबरला बोलावून खडूने आखून घेतलं. ब्लॉक उचलले, बुडख्याभोवतीची खडी खुरप्याने उकरून काढली, कारण कार्बाइड कडक असतं पण दगडावर टवका उडतो. गाड्यांच्या आणि तळमजल्याच्या काचांच्या बाजूला प्लायवूड उभं केलं. तबकडीतून उडालेला खडा गोफणीतून सुटल्यासारखा जातो. चष्मा आणि कानाला बंद लागतातच. दुपारी दोन ते चार बंद ठेवलं. हे कोथरूड आहे, तिथे मशीनपेक्षा मोठा आवाज खिडकीतून येतो.

मधल्या पोकळ भागात लाकूड भसाभस सुटलं. कडेला, जिवंत मुळांच्या गाठींत, मशीन अडकत अडकत चाललं. आणि मग आतून सिमेंट निघालं. कधीतरी कोणीतरी ढोली बुजवायला काँक्रीट भरलं होतं, त्यावर साल वाढली होती. कण्ण असा आवाज आला, मशीन बंद केलं. दोन दातांचे टवके गेले होते. उरलेलं काँक्रीट छिन्नी-हातोडीने फोडलं, मग पुढे.

काम संपलं तेव्हा खड्ड्यावर भुशाचा ढीग. दळलेलं लाकूड मातीत मिसळून फुगतं. काकू म्हणाल्या, "तेच आत लोटा आणि वर रोप लावून टाका." मी नको म्हणालो. भुसा कुजताना मातीतलं नत्र खातो, आणि कुजला की जमीन खचते, वरचे ब्लॉक बसतात. भुसा पोत्यांत भरून बागेतल्या झाडांच्या बुंध्याशी पसरायला दिला, खड्ड्यात माती आणि मुरूम भरून ठोकला. रोपं लावायची ती तीन फाटकाजवळ, ब्लॉकमध्ये चांगलं मोठं आळं ठेवून. बाकीची महापालिका दाखवेल त्या जागेत.

बिल दिलं तेव्हा खजिनदार काका चष्मा कपाळावर चढवून वाचत बसले.

"'दात, २ नग'. हे काय आहे?"

मशीनवाल्याने माझ्याकडून भरून घेतले होते, ते मी लावले होते. खिशातून टवका उडालेला दात काढून टेबलावर ठेवला. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"दुसरा कुठाय?"

दुसराही दिला. त्यांनी दोन्ही एका पाकिटात घातले, पाकीट व्हाउचरला स्टेपल केलं, म्हणाले, "ऑडिटर विचारतो हो," आणि चेकबुक काढलं.