अंजानाथ आणि आत्या

या गेममध्ये राक्षसाच्या डोक्यावर लाल पट्टी नसते. मारामारीच्या बहुतेक गेममध्ये समोरच्याचा जीव किती उरलाय ते पट्टीत दिसतं, पट्टी संपली की तो आडवा. मॉन्स्टर हंटर वर्ल्डमध्ये ती सोय नाही. जनावर दमलंय की चिडलंय की टेकीला आलंय, हे त्याच्या अंगाकडे बघूनच ओळखायचं. तोंडातून लाळ गळायला लागली की दमलं. डरकाळी फोडून सुसाट धावत सुटलं की चिडलं. आणि लंगडत लंगडत पाठ फिरवून निघालं, की ते आपल्या बिळाकडे झोपायला चाललं. त्याचं संपत आलंय एवढी एकच पक्की खबर आपल्याला मिळते, आणि तीही त्याच्याच पायांकडून.

चिरंजीव इंजिनीअरिंगला पुण्याला गेले आणि पीएस फोर, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, टीव्हीखाली ठेवून गेले. जाताना, "आई, गाड्यांचा गेम खेळ तू, हा नको, तुझ्याच्यानं होणार नाही," असं म्हणाला. बेळगावात आषाढ लागला की संध्याकाळी सहानंतर बाहेर पडायची सोय नसते. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत पाऊस उभा नाही, आडवा येतो. उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर हिशेबाचे आकडे बघून घरी यायचं, भाकऱ्या थापायच्या, आणि मग टीव्हीवरच्या मालिकेत कोण कुणाला विष घालतंय ते बघायचं. त्यापेक्षा हे बरं.

गेम जपानचा, ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीचा. पहिला 2004 साली पीएस टूवर आला. पुढे तो हातात मावणाऱ्या पीएसपीवर आला आणि तिकडे त्याचं वेडच लागलं; पोरं चहाकॉफीच्या दुकानांतून शेजारी शेजारी बसून आपापल्या यंत्रावर एकच शिकार खेळायची. वर्ल्ड हा 2018 चा, आणि तो जगभर दोन कोटींच्या वर खपला. 2025 मध्ये वाइल्ड्स नावाचा नवा आलाय, पण त्याला आमचं पीएस फोर पुरत नाही. आम्ही सीमाभागातली माणसं, मिळालंय त्यात भागवायची सवय आहे.

सुरुवातीला हैराण केलं ते राक्षसांनी नाही, कागदपत्रांनी. अक्षरं बारीक, आणि याद्यांच्या आत याद्या. औषधाच्या वनस्पती, मध, बुरशी, सापळ्याचं सामान, गोफणीत घालायचे दगड, काय कशात मिसळल्यावर काय होतं. सोबतीला एक हँडलर नावाची बाई दिली आहे. ती बोलायची थांबत नाही आणि खायची तर त्याहून नाही. निम्मं काही कळलं नाही तरी पहिल्या शिकारीला जाता येतं, हे मात्र खरं.

शस्त्रं चौदा. एका कुऱ्हाडीची तलवार होते, एका भाल्यात तोफ आहे, धनुष्य आहे, दोन जातीच्या बंदुका आहेत. एक तर चक्क शिंग आहे. ते वाजवत वाजवतच मारायचं, आणि त्याच्या सुरांनी सोबत्यांना बळ येतं. मी धरली ती सगळ्यात थोराड तलवार, धरणाऱ्याच्या उंचीची. तिला कामं कमी, म्हणून धरली. उचलायची, रोखून धरायची, सोडायची. बटण दाबून ठेवाल तसा घाव जड होत जातो, तीन पायऱ्यांपर्यंत. त्याच्याही पुढे धरून बसलात तर हातचं जातं. आणि घाव एकदा सोडला की मागे घेता येत नाही. मधेच मन बदललं, जनावर बाजूला सरकलं, तरी ती तलवार ठरल्या जागी, ठरल्या वेळेला पडणार आणि तेवढा वेळ तुम्ही तिच्या मागे अडकून राहणार. बटणं भराभर बडवणाऱ्याचं इथं काही चालत नाही.

वडील मला लहानपणी आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला घेऊन जायचे. मोठी जोड लागली की आधी नुसती खडाखडी चालायची. पंजाला पंजा, मानेवर हात, एक पाऊल पुढं, एक मागं. मी कंटाळून म्हणायची, हे लढत का नाहीत? वडील म्हणायचे, लढायलेत की. या गेममध्ये माझा सगळा वेळ त्या खडाखडीत जातो. जनावराभोवती फिरायचं, ते कुठल्या पायावर जोर देतंय ते बघायचं, शेपूट फिरवायच्या आधी मान कुठं वळवतंय ते बघायचं. दहा गोष्टी बघाव्यात तेव्हा एक घाव घालायला मिळतो. तो बसला की हातातलं कंट्रोलर थरथरतं आणि पडदा क्षणभर थबकतो, जड वस्तू हाडात रुतावी तसा. तेवढ्या एका थबकण्यासाठी रात्रीचे बारा वाजतात.

माणूस मात्र या गेममध्ये वाढत नाही. पुष्कळ गेममध्ये फुटकळ प्राणी मारून मारून आपला गडी बलवान होतो. नाहीच जमलं तर चार दिवस ससे मारावेत आणि मग वाघाकडे जावं. इथं चिलखत बदलतं, तलवार बदलते, जेवून गेलात तर तेवढ्यापुरता दम वाढतो. अंगची ताकद वर्षभर खेळलं तरी तीच. शिकायचं असतं ते सोफ्यावर बसलेलीने.

आणि आमच्या सोफ्यावर दोघी असतात. सासूबाई, म्हणजे आत्या, मूळच्या खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या पलीकडच्या रानातल्या. तिकडे भाताच्या शेतात गवा उतरतो आणि अस्वल बांधावर भेटतं. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, पण आत्यांच्या लेखी ते रान आधीपासून जनावरांचंच होतं, माणसं आपली मधून वाट काढून राहत होती. पहिल्या दिवशी त्यांनी जपमाळ ओढत विचारलं, "काय करूलालीस गं?" मी सांगितलं, शिकार. दुसऱ्या दिवशीपासून मालिका बंद.

त्यांना सगळ्यात आधी खटकले ते काजवे. गेममध्ये जनावराचा माग काढायला हिरव्या काजव्यांचा थवा आपल्यासोबत दिलाय. पावलाचा ठसा, झाडावरचा ओरखडा, सांडलेली लाळ, काहीही सापडलं की काजवे तिथं जाऊन चमकतात आणि पुढची वाट दाखवतात. आत्या म्हणाल्या, "किडं वाट दाखवूलालेत, तर मग तू काय करतीस?" बिनतोड प्रश्न आहे. मला वाटतं गेमवाल्यांनी आमच्यासारख्या शहरातल्या माणसांची दया येऊन ते घातलेत. आत्यांची नजर काजव्यांच्या आधी ठशावर जाते. "इथनं गेलाय. चिखल अजून ओला आहे बघ."

पहिला मोठा प्राणी ग्रेट जाग्रास, घोरपडीच्या तोंडवळ्याचा. तो आख्खा चरणारा प्राणी गिळतो आणि मग टम्म फुगलेलं पोट जमिनीवरून ओढत चालतो. आत्यांनी तेव्हाच सांगितलं, "आत्ताच मार, पोट भरलंय, वळायचा नाही." आणि खरंच, भरल्या पोटी तो सुस्त असतो. त्याच्यानंतर कुलू-या-कू, अंडी पळवणारा पक्षी. तो पुढच्या दोन हातांनी दगड उपसतो आणि छातीशी धरून लढतो. आपण घाव घातला की दगडावर खण्ण. तेव्हा मला तलवारीची धार कळली. घाव घालून घालून ती बोथट होते, आणि धार दाखवणाऱ्या पट्टीचा रंग हिरव्यावरून पिवळा, नारिंगी, लाल असा उतरत जातो. मग लढाई चालू असताना कुठंतरी आडोशाला जाऊन, खाली बसून, दगडावर घासून परत लावायची. शत्रू समोर असताना विळा घासत बसणारा नायक मी दुसरीकडे बघितलेला नाही. मला ते फार आवडलं.

सोबतीला एक मांजर असतं, चिलखत घातलेलं. तळावरचं स्वयंपाकघरही मांजरंच चालवतात. मुख्य आचारी एका डोळ्यावर व्रण असलेला दांडगा बोका. शिकारीला निघायच्या आधी तिथं जेवायचं. भल्यामोठ्या मांसाच्या तुकड्यांवर चीज ओततात, मासे परततात, आणि सगळं इतकं नीट काढलंय की एकादशीला आत्यांनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवून घेतलं. "झालं काय जेवून?" म्हणून विचारलं, आणि मग परत टीव्हीकडे. शिकारीत तुम्ही बेशुद्ध पडलात तरी मांजरंच येतात, हातगाडीवर घालून नेतात आणि तळावर मुंडकं खाली करून ओततात. तीनदा ओतलं की शिकार रद्द. वेळ पन्नास मिनिटांची.

आणि मग अंजानाथ.

हा जुन्या रानात सुरुवातीपासूनच हिंडत असतो. तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या मागावर असता आणि हा झाडीतून येऊन तुम्हाला धरतो. एकदा तर याने माझ्यासमोरच जाग्रासला तोंडात धरून आपटलं. दोन पायांचा, अवजड, गुलाबी कातडीचा, पाठीवर काळपट केसांची झूल. चिडला की नाकपुडीवरचा पडदा उघडून वर उभा राहतो, आणि गळ्याच्या आतून विस्तव दिसायला लागतो. तो विस्तव दिसला म्हणजे आता थोड्या वेळात तो आग ओकणार. त्याची डरकाळी ऐकली की आपला गडी दोन्ही कान धरून उभाच राहतो, तुम्ही काहीही दाबा. हा नवख्यांचा नाका आहे. कित्येक जण इथंच गेम सोडतात. माझ्याही हातगाडीच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा सगळं जमून आलं तेव्हा लाईट गेली. शिकार पुरी झाल्याशिवाय नोंद होत नाही, त्यामुळे ती अर्धी शिकार पावसात वाहून गेली.

शेजारच्या गल्लीतला चिरंजीवांचा दोस्त त्याच्या घरातून मदतीला आला. हा पोरगा मराठी बोलता बोलता कानडीत जातो आणि त्याचं त्याला कळत नाही. घाई झाली की नुसती कानडी. हेडफोनमधून "बा बा बा" म्हणजे ये, "होडी, होडी!" म्हणजे मार, मी पुढं गेले की "बेडा काकू, बेडा!" म्हणजे नको. त्याच्या मदतीतही एक खोडा आहे. कथेतली शिकार असली की आधी मी एकटीने जायचं, प्राणी पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग पुरा बघायचा, मगच दुसऱ्याला आत येता येतं. चौघांनी मिळून खेळायच्या गेममध्ये असला नियम कुणी घातला असेल, देव जाणे.

पण अंजानाथ सुटला तो आत्यांमुळे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू सारखी त्याच्या तोंडापुढं का उभी राहूलालीस? जनावराच्या तोंडापुढं आहे काय? पायात शीर की." त्यांच्या रानात गव्यापुढं समोरून कुणी जात नाही, बाजूला होतात. मी पायात शिरले. तो चावायला पुढं झेप घेतो, तेव्हा त्याचं सगळं वजन पायांवर आणि तोंड भलतीकडे. तिथं एक घाव, सरकायचं, परत एक घाव. पाय निकामी झाले की तो कुशीवर कोसळतो आणि पाय झाडत पडून राहतो. तेवढ्या वेळात तिसऱ्या पायरीपर्यंत तलवार धरून डोक्यावर सोडता येते. तीन-चारदा कोसळला. मग उठला आणि लंगडत निघाला.

मारायचं म्हणून मी मागं धावले, तर तो आपल्या बिळात जाऊन झोपलेला. श्वासाबरोबर पाठीवरची झूल वरखाली होत होती. इतका वेळ ज्याच्या एकेका पावलाकडे बघितलं, त्याचा हा असा अवतार. आत्या म्हणाल्या, "झोपल्याला मारू नको गं." सापळा लावून, वर गुंगीचे दोन गोळे फेकून जिवंत पकडायची सोय गेममध्ये आहेच. मी तसं केलं. बक्षीस म्हणून खवले, कातडं, दात मिळाले, आणि लोहाराकडे जाऊन मी त्यांचं चिलखत घातलं. आत्यांनी ते नीट बघितलं. "जिवंत धरलास म्हणूलालीस, मग हे कातडं कुणाचं?"

या प्रश्नाचं उत्तर चिरंजीवांकडेही नाही, फोनवर विचारलं. तो म्हणाला, कातड्याचं सोड, तू अजून लो रँकमध्येच, म्हणजे खालच्या पायरीवरच आहेस, खरा गेम हाय रँकपासून सुरू होतो. सगळेच जण असं म्हणतात म्हणे. पुढं प्रवाळांचा डोंगराळ मुलूख आहे, त्याच्याखाली सडक्या हाडांची दरी आहे, आणि ते सगळं झाल्यावर हे जुने प्राणी परत येतात, जास्त ताकदीचे. आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या वाती वळत होत्या.

"म्हणजे तुझा नाथ परत येणार काय?"

येणार, म्हटलं.

"मग चालू दे."