आमची वाटचाल: पहिला हातोडा पडायच्या आधीची फेरी

नागपुरात आमचं काम सुरू झालं ते पत्र्याच्या कूलरपासून. खसच्या ताट्या भरायच्या, पंप बदलायचे, टाकीला आतून रंग मारायचा. पुढे घरोघरी स्प्लिट एसी आले. तेव्हा बोलावणं यायचं ते घराची फोडतोड, रंगकाम सगळं आटोपल्यावर: ‘एसी थंडच करत नाही.’ आता पहिली फेरी आम्ही काम सुरू व्हायच्या आधी करतो.

मुलांच्या परीक्षा संपल्या की लोक काम काढतात, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये. पारा ४४-४५ वर, त्यामुळे एका खोलीत पीओपीची घासाई आणि शेजारच्या खोलीत एसी चालू. एसीची जाळी केस, धागे, जाड धूळ अडवते; पीओपी-पुट्टीची भुकटी तिच्यातून सरळ पार होते. आत हवा थंड करणारी कॉइल ओली असते. तिथे भुकटी कालवली जाते आणि पातळ पत्र्यांच्या फटींत घट्ट बसते. हवा अडते, कॉइलवर बर्फ धरतो. अशा कॉइलवर आधी पाणी मारू नका. कोरड्या मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने भुकटी काढा, मगच हलक्या धारेने धुवा.

म्हणून घासाई चालू असेपर्यंत एसी बंदच. एसीचा एमसीबी (बोर्डावरचा मुख्य स्विच) पाडून त्यावर चिकटपट्टी लावायची, इनडोअर युनिट प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडा टेपने बंद करायच्या.

एसीची भिंतच फोडायची असेल तर युनिट उतरवावं लागतं. त्याआधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करायचा: एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा, आणि लगेच मशीन बंद. इथे घाई किंवा विसर चालत नाही. पाइप उघडा असताना कॉम्प्रेसर चालला तर आत हवा ओढली जाते आणि तो फुटू शकतो. पाइपची चारही तोंडं त्याच क्षणी टोपणाने बंद करायची. ओल आत गेली की तेल खराब होतं, कचरा गेला की कॅपिलरी, म्हणजे गॅसची अगदी बारीक नळी, तुंबते. परत बसवताना फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं पाइपचं तोंड) नवीनच काढायचा, आणि व्हॉल्व्ह उघडण्याआधी पंपाने पाइपातली हवा ओढून ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम.

भिंतीत दाबलेल्या पाइपसाठी आमची एक पद्धत आहे आणि तिच्यावर आमचा फार विश्वास आहे. प्लास्टरच्या आधी पाइपात १५० पीएसआय दाबाने नायट्रोजन भरून गेज लावून ठेवतो आणि मोजपट्टी धरून भिंतीचा फोटो काढतो. सुताराचा खिळा किंवा इलेक्ट्रिशियनचा कटर पाइपला लागला, की काटा त्याच दिवशी खाली येतो. तेव्हा हातभर भिंत उघडून भागतं. रंग झाल्यावर कळलं तर सगळी खोली पुन्हा रंगवावी लागते.

एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेनच्या पाइपला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा. मजूर कधी त्यातच पुट्टीचं पाणी ओततात. शेवटी ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून ते बाहेर किती पडतं ते बघायचं.

खिडकीतल्या कूलरच्या ताट्या काढून, वाळवून बाजूला ठेवाव्यात. बाहेर मार्बल कटिंग चालू असेल तर कूलर तीच धूळ ओढतो आणि ताटीत चिखल होतो. गीझरचं बटण मात्र प्लंबरचं काम संपलं तरी दाबू नका. आधी गरम पाण्याचा नळ सोडा, अखंड धार आली की मगच. टाकी रिकामी असताना चालू केला तर एलिमेंट काही मिनिटांत जळतं.