डिकीतला सबवूफर: आधी जागा, मग गेन

सबवूफर म्हणजे फक्त बास, म्हणजे खालचे जाड सूर, वाजवणारा स्पीकर. त्याचा बास पोकळ वाटला की बहुतेक जण थेट अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (स्टीरिओकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) वाढवतात. त्याआधी सबवूफरचा बॉक्स सरकवून बघा. हॅचबॅकमध्ये सबवूफरचं तोंड मागच्या दाराकडे करा आणि बॉक्स दारापासून वीत-दीड वीत अंतरात पुढे-मागे करत राहा. गाणं तेच ठेवा, आवाज तोच, आणि ऐकणारा ड्रायव्हरच्या सीटवर. चार बोटांनीही फरक पडतो. मग फेजचं बटण (सबवूफर बाकी स्पीकरांच्या जोडीने हलतो की उलटा, ते ठरवणारं) ० आणि १८० अंशांवर करून बघा. ज्यात बास भरीव लागतो तेच ठेवा. सबवूफरचा लो-पास (त्याखालचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, दारातल्या स्पीकरांचा हाय-पासही (त्यावरचेच सूर जाऊ देणारा) तिथेच.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे पक्कं डोक्यात ठेवा. बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, सबवूफरची वायर काढलेली, स्टीरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन चालू. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटला लावा. किती व्होल्ट हवेत? अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट गुणिले सबवूफरचे ओहम, त्याचं वर्गमूळ: ३०० वॅट आणि ४ ओहमला ३४.६ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवा आणि तो आकडा आला की तिथेच थांबा. पुढे आवाज फाटतो आणि सबवूफरची कॉइल जळू शकते.

स्पीकरांतून इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी येत असेल तर आधी अर्थिंग, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली जागा, तपासा. बोल्टखालचा रंग घासून उघडा पत्रा दिसलाच पाहिजे. आरसीए केबल (स्टीरिओचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरकडे नेणारी) पॉवर केबलच्या विरुद्ध बाजूने न्या.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, उन्हातल्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. अ‍ॅम्प्लिफायर गालिच्याखाली दडपलात तर प्रोटेक्टचा दिवा लागून तो बंद पडणारच. वर-खाली हवा खेळेल असा बसवा.