हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारे आता इतके झालेत की एकदाचं लिहून ठेवावं आणि पुढच्याला तेच वाचायला द्यावं, असं वाटायला लागलंय. प्रश्न ठरलेला असतो. "कसोटी क्रिकेटचं एवढं सगळं पाठ! कुणी शिकवलं? वडील खेळायचे का? की मिस्टर?"

ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनची फलंदाजीची सरासरी 99.94 हे एखाद्या पुरुषाने सांगितलं, तर त्याला कुणी शिकवलं हे विचारताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मी सांगितलं की आधी तोंडी परीक्षा होते. शंभराची सरासरी व्हायला शेवटच्या डावात किती हव्या होत्या? चार. कुठे, कुणी काढला? ओव्हल, 1948, एरिक हॉलिसने शून्यावर त्रिफळा उडवला. एवढं पार पडलं की मग तो प्रश्न येतो.

मिस्टरांना क्रिकेटमध्ये रस नाही. वडिलांना नाटकांचं वेड. पण कुणीच शिकवलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. दादाने शिकवलं. मॅच चालू असायची तेव्हा तो कामावर असायचा आणि घरी रेडिओपाशी मी. त्याने एका जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानांवर रेघा मारून दिल्या. धाव नाही तर टिंब. षटकातली सहाही टिंबं पडली की ती जोडून त्यांचा एम करायचा, म्हणजे निर्धाव. त्याच षटकात विकेट असेल तर एमऐवजी डब्ल्यू. संध्याकाळी तो गिरगावातल्या आमच्या खोलीत शिरला की आधी वही मागायचा, चहा नंतर. म्हणजे सुरुवातीचं सगळं लिहिणं त्याच्यासाठी होतं, हे कबूल करते. पुढे त्याची बदली झाली, लग्न झालं, वही बघणारं कुणी उरलं नाही. मी मात्र लिहीत राहिले. ते कुणी शिकवलं, हे मला सांगता येत नाही.

जानेवारी 1975, वानखेडेवरची पहिलीच कसोटी, ही माझी एकटीची वही. वेस्ट इंडिजचा क्लाइव्ह लॉइड नाबाद 242. त्याच मॅचमध्ये आपल्या एकनाथ सोलकरचे 102, त्याचं कसोटीतलं एकमेव शतक. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. सरासरी 25.42, बळी 18. नुसत्या तक्त्यावरून नजर फिरवणारा पुढे निघून जाईल. पण फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पुढ्यात, बिनहेल्मेटचा उभा राहून त्याने 27 कसोटींत 53 झेल घेतले. बळी गोलंदाजाच्या नावावर जातो आणि झेल घेणाऱ्याला मिळतं ते "झे. सोलकर" एवढंच. म्हणून मी झेलांचं वेगळं पान ठेवायचे. तेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ती क्विझ. आमच्या ऑफिसच्या स्पोर्ट्स क्लबचा वार्षिक दिवस होता. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. चौघांचा एक संघ. आमच्यात बाई मी एकटीच. शेवटच्या फेरीला आम्ही आणि दुसरा एक संघ बरोबरीत होतो. प्रश्न आला: एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी, हे सगळ्यात आधी कुणी केलं?

सगळीकडून "अरे वा" झालं, कारण ती मॅच आपल्याच शहरातली. फेब्रुवारी 1980, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडच्या इयान बॉथमच्या 114 धावा, शिवाय 58 धावांत 6 आणि 48 धावांत 7 बळी. त्या मॅचला मी रजा टाकून गेले होते. 16 तारखेला सूर्यग्रहण, म्हणून एकाच दिवसाच्या खेळानंतर विश्रांतीचा दिवस दिला होता. इंग्लंडचा अर्धा संघ 58 धावांत गेला होता. पुढे बॉब टेलरला अंपायरने बाद दिलं आणि आपल्या विश्वनाथने, कॅप्टन असून, त्याला परत बोलावलं. मग बॉथम आणि टेलरने 171 जोडल्या आणि मॅच हातची गेली. माझ्या वहीत टेलरच्या नावापुढे विकेट लिहून खोडलेली आहे.

तरीही उत्तर बॉथम नव्हतं. उत्तर ऑस्ट्रेलियाची बेटी विल्सन होतं. फेब्रुवारी 1958, मेलबर्नचं सेंट किल्डा मैदान, ऑस्ट्रेलिया विरुद्ध इंग्लंड. ऑस्ट्रेलिया सर्वबाद 38, इंग्लंड सर्वबाद 35. विल्सनने 7 धावांत 7 बळी घेतले, त्यात हॅट्ट्रिक. दुसऱ्या डावात 100 धावा, वर 9 धावांत 4 बळी. बॉथमच्या 22 वर्षं आधी. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात मला ती सापडली होती.

मी कॅप्टनच्या कानात नाव सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बायकांचं नको. त्यांना बॉथम हवाय." मी म्हटलं, प्रश्न कसोटीचा आहे, तीही कसोटीच होती. तोवर त्याने घंटी वाजवून "बॉथम" सांगून टाकलं होतं. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. क्विझमास्टरने हातातलं कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे नाही, कॅप्टनकडे पाहून विचारलं, "या काय म्हणतायत?" कॅप्टन म्हणाला, "काही नाही हो, यांना आकड्यांचं वेड आहे. चालू द्या."

त्या एका गुणाने आम्ही जिंकलो. बक्षीस म्हणून भिंतीवरची घड्याळं मिळाली. फोटोत मी हसते आहे, आणि ते हसू खोटं नाही. जिंकायचं मलाही होतंच. नंतर वेफर्स खाताना क्विझमास्टर आपणहून माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, मानलं तुम्हाला. एवढं सगळं कुणी शिकवलं?" ते मनापासून विचारत होते, म्हणून मला काही बोलता आलं नाही. कुत्सितपणे विचारलं असतं तर भांडले असते.

तुम्ही म्हणाल, पुरुषांचे आणि बायकांचे तक्ते वेगळेच असतात, त्यात एवढं काय? 1980 मधली मी हेच म्हणायची. तेव्हा तक्त्यांवर माझा देवासारखा विश्वास होता. सरासरीच्या तक्त्यात यायला किमान 20 डावांची अट, अटीत बसला तो आत, नाही बसला तो बाहेर. वेस्ट इंडिजचा अँडी गँटॉम 1948 मध्ये एकच कसोटी खेळला, 112 केले, सरासरी 112. अट नसेल तर तो ब्रॅडमनच्या वर जाऊन बसतो. अट हवीच.

पण मग त्याच अटीने आपल्या मुंबईकरांचं काय होतं ते बघा. विनोद कांबळी 21 डाव, सरासरी 54.20, एका डावाने आत. विजय मर्चंट 18 डाव, सरासरी 47.72, बाहेर. प्रथम श्रेणीत 71.64, तिथे ब्रॅडमनखालोखाल यांचंच नाव, आणि कसोटीच्या तक्त्यात जागा नाही. माधव आपटे 13 डाव. 1953 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात 460 धावा, पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद 163, एकूण सरासरी 49.27. वय वर्षं 20. त्यानंतर त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. ज्यांनी खेळवलंच नाही त्यांच्यामुळे डाव कमी, आणि डाव कमी म्हणून तक्त्याबाहेर. 1980 मधल्या मला यावर काय म्हणायचं होतं, ते मी तिला आज विचारलं असतं.

बेटी विल्सन 11 कसोटी खेळली. 862 धावा, 68 बळी, डाव 16. तीही बाहेर. बायकांच्या कसोटीच इतक्या थोड्या व्हायच्या की आपल्या डायना एडलजींना 1976 पासून 1991 पर्यंत खेळून जेमतेम 20 मिळाल्या.

दादाचा मुलगा आता संगणकावर हेच तक्ते करतो. तो 20 डावांवर ठाम आहे, मी 10 वर. "आत्या, दहा केलेस तर एका बऱ्या दौऱ्यावर कुणीही वर येईल, तक्त्याला अर्थच उरणार नाही," असं त्याचं म्हणणं, आणि ते मला खोडता येत नाही. तरी मी 10 सोडलेले नाहीत. विल्सनचं नाव आपटे आणि मर्चंट यांच्याच पानावर हवं, हेही सोडलेलं नाही. तो म्हणतो, ते पान तू हाताने कर. मी करते आहे.